वाडा वर न्यायचा तर…

जुलै उजाडला की पणजीत हा प्रश्न हमखास कानावर येतो. चहाच्या टेबलावर कुणीतरी वर्तमानपत्रातला फोटो पुढे करतं. डिचोली तालुक्यातल्या साखळी गावच्या बाजारात शिरलेलं पाणी, कमरेएवढ्या पाण्यातून गाद्या डोक्यावर घेऊन निघालेली माणसं. आणि मग वाक्य येतं, "दर दोन-चार वर्षांनी पाणी शिरतं, तर ही माणसं तिथे राहतात कशाला?"

माझी मावशी तिथे राहते. वाळवंटी नदीच्या काठी, पाण्यापासून दीडशे पावलांवर. मिरगाच्या आधी तिची तयारी सुरू होते. तांदळाचा डबा माळ्यावर जातो, फ्रीज दोन चिऱ्यांवर चढतो, गॅसचा सिलिंडर खिडकीच्या गजाला साखळीने बांधला जातो. रिकामा सिलिंडर तरंगतो आणि दारावर धडका देत फिरतो, हे ती एकदा अनुभवून शिकली. शेवटी एक प्लास्टिकची पिशवी वाशाला टांगली जाते. त्यात घरपट्टीच्या पावत्या, विजेची बिलं आणि रेशनकार्ड. 'हे घर माझं' असं सांगणारा तिच्याजवळचा पुरावा एवढाच. पणजीतला प्रश्न मी एकदा तिला विचारला होता. तिने माझ्याकडे न बघताच म्हटलं, "खंय वचूं?" कुठे जाऊ?

चहाच्या टेबलावरच्या प्रश्नापेक्षा हा प्रश्न अवघड आहे. पुराच्या तोंडावरची घरं सुरक्षित जागी हलवणं म्हणजे नेमकं काय, ते कुठे जमलं, कुठे फसलं आणि गोव्यात ते कुठे अडतं, हे उलगडून बघू.

पाणी येतं कसं

सह्याद्रीच्या माथ्यापासून समुद्रापर्यंत गोवा जेमतेम साठ किलोमीटर रुंद. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. घाटावर पडलेलं पाणी काही तासांत खाली येतं. खाली आलं की समुद्राशी गाठ. मांडवी नदीत भरतीचा परिणाम आत गांजे गावाच्या आसपासपर्यंत जाणवतो. वरून लोंढा आणि खालून भरती एकाच वेळी आली, तर पाण्याला जायला वाट राहत नाही आणि ते काठावर चढतं. कोकणीत पुराला 'हुंवार' म्हणतात. शब्द उच्चारतानाच पाणी घरात शिरल्यासारखं वाटतं.

२३ जुलै २०२१ चा हुंवार बहुतेकांना आठवत असेल. १९८२ नंतरचा हा सर्वांत वाईट पूर, असं मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी तेव्हा म्हटलं होतं आणि नुकसान झालेल्या घरांचा सरकारी अंदाज हजाराच्या घरात होता. सत्तरी, डिचोली, धारबांदोडा, पेडणे या तालुक्यांना सर्वाधिक फटका बसला. मातीच्या भिंतींची घरं तर पाणी ओसरताना बसली. पाणी चढताना भिंत भिजते, उतरताना तिचा आधार जातो.

काही गावांचं दुखणं थोडं वेगळं. डिचोली तालुक्यातलं साळ, पेडण्यातलं इब्रामपूर आणि हणखणे ही गावं तिळारीच्या पाण्याच्या वाटेवर आहेत. धरण महाराष्ट्रात, दोडामार्गला; नदी पुढे गोव्यात येऊन शापोरा होते. तिथे पाऊस जोरात असला आणि धरणातून पाणी सोडावं लागलं, की इथल्या लोकांना रात्री घर सोडावं लागतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हेच झालं. अशा ठिकाणी घरं हलवण्याआधी दोन राज्यांच्या जलसंपदा खात्यांनी एकमेकांना वेळेवर फोन करणं जास्त स्वस्त पडतं, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

सगळ्याच पूरग्रस्तांना हलवायचं नसतं. स्थलांतर हा शेवटचा उपाय. त्याआधी जोतं उंच करणं, नाल्यातला गाळ काढणं, पंप बसवणं, वेळेवर इशारा देणं, असं बरंच काही करता येतं. एखाद्या वाड्यावर, म्हणजे गावातल्या एका वस्तीत, चाळीस घरं असली, तर खरा धोका बहुधा सगळ्यांत खालच्या दहा-बारा घरांना असतो. चर्चा त्या दहा-बारा घरांची व्हायला हवी. ती सुरू होते 'अख्खं गाव हलवा' पासून, म्हणून पहिल्याच बैठकीत बिनसते.

कुठली घरं 'खालची', हे ठरवायला पूररेषा आखतात. महाराष्ट्रात निळी आणि लाल अशा दोन रेषा असतात. निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या 'शंभर वर्षांतून एकदा' शब्दांनी फार घोटाळा केला आहे. लोकांना वाटतं, २०२१ ला मोठा पूर येऊन गेला, आता २१२१ पर्यंत निवांत. अर्थ तसा नाही. पिशवीत ९९ पांढरे खडे आणि एक काळा खडा आहे असं समजा. दर पावसाळ्यात हात घालून एक खडा काढायचा, बघायचा आणि परत आत टाकायचा. काळा निघाला तर तो पूर. लागोपाठ दोन वर्षं काळा निघू शकतो. तीस वर्षं राहायचं म्हणून कुणी घर बांधलं, तर त्या काळात निदान एकदा काळा खडा निघण्याची शक्यता २६ टक्के. म्हणजे चारातली एक. एवढी जोखीम माहीत असून कुणी मुलाला दुचाकी देणार नाही. आणि हा हिशोबही पाऊस पूर्वीसारखाच पडेल असं धरून केलेला.

आपले पूर्वज खाली का राहत नव्हते

गोव्यात ही अक्कल नवी नाही. जुन्या गावकरीने, म्हणजे गावची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या संस्थेने, जमिनीची वाटणीच पाण्याकडे बघून केली होती. वरची ती मोरड, मधली खेर, खालची खाजन. खाजनात बांध घातलेला, बांधाला मानस, म्हणजे पाण्याचं दार. भरतीला मानस बंद, ओहोटीला उघडं. पावसाळ्यात खाजन पाणी पोटात घ्यायचं, भात आणि मासळी द्यायचं. गोव्यात अशी सुमारे १८,००० हेक्टर खाजन जमीन असल्याचं सांगतात. घरं मात्र तिथे नसत. ती उतारावर, मोरडीच्या पायथ्याशी, हाताशी विहीर आणि वर देवराई. जुना गाव नकाशावर बघितला तर वाड्यांची रांग आणि पाण्याची रेषा यांच्यामध्ये शेताचा पट्टा दिसतो.

मग घरं खाली आली कशी? कारणं बरीच आणि त्यातलं एकही मूर्खपणाचं नाही. भाटकाराने, म्हणजे जमीनमालकाने, माडांची राखण करायला मुंडकाराला माडाच्याच बुंध्याशी वसवलं. मुंडकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा. ज्याची जमीन नाही तो जागा निवडत नसतो. एका घराची चार झाली, वर जागा नव्हती, धाकट्याने शेताच्या कडेला बांधलं. १९६४ च्या कुळ कायद्यानंतर कसणारा जमिनीजवळ आला, पण बांधांची सामूहिक देखभाल करणारी जुनी व्यवस्था सैल झाली. त्यानंतर रस्ते आले, शेतातून भराव घालून. त्या भरावाने पाण्याची वाट अडवली आणि पूर्वी कोरडी राहणारी घरंही ओली होऊ लागली. माझ्या मावशीच्या सासऱ्यांनी घर बांधलं तेव्हा समोर रस्ता नव्हता. म्हणजे घर पाण्याकडे गेलं, तसं काही ठिकाणी पाणीही घराकडे आलं. नुकसानभरपाईच्या चर्चेत हा दुसरा अर्धा भाग कुणी काढत नाही.

कागद

आता मुख्य अडचण. वाशाला टांगलेली ती पिशवी.

पुरात घर पडलं की तलाठी पंचनामा करतो, मामलेदार कचेरीतून मदत मंजूर होते. ती मदत पडलेल्या घराची असते, खालच्या जमिनीची नसते. मावशी मुंडकार. घर तिचं, जमीन भाटकाराची. १९७५ च्या मुंडकार कायद्याने तिला कुणी हुसकावू शकत नाही आणि तिला घराखालची जमीन विकत घेण्याचाही हक्क आहे. त्यासाठी आधी नोंद व्हावी लागते, दावा चालतो, तारखा पडतात. पण हे संरक्षण ती राहते त्या घराला चिकटलेलं आहे. ती उठून मोरडीवर गेली, तर नदीकाठचा हक्क सोडल्यासारखं होईल का, ही तिची भीती. तिला हे शब्दांत मांडता येत नाही, म्हणून ती नुसतं 'नको' म्हणते. आणि अधिकारी वहीत लिहितात, 'लोक स्थलांतराला अनुत्सुक.'

शेजारचं घर कोमुनिदादच्या, म्हणजे त्याच जुन्या गावकरीच्या, जमिनीत. त्याच्या पलीकडचं सरकारी जमिनीत, घरक्रमांक आहे पण सनद नाही. सत्तरीत गेलात तर जुन्या काळी दिलेल्या अल्वारा आणि मोकासो जमिनींचा आणखी वेगळा गुंता. काही ठिकाणी वनहक्काचे दावे. एकाच वाड्यावरची दहा घरं आणि जमिनीचे पाच प्रकार. एकाच योजनेत, एकाच अर्जात ती बसवायची म्हटली तर ज्यांचा एक चौदाचा उतारा (गोव्याचा सातबारा) स्वच्छ आहे त्यांनाच आधी प्लॉट मिळणार, आणि ते बहुधा सगळ्यांत खाली राहणारे नसतात.

कायद्यात काहीच सोय नाही असंही नाही. भूसंपादन, पुनर्वसन आणि पुनर्वसाहतीचा २०१३ चा केंद्रीय कायदा धरणासाठी, रस्त्यासाठी जमीन घेतली जाते तेव्हा लागू होतो. त्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आहे, जनसुनावणी आहे, पुनर्वसनाचे हक्क आहेत. पुराने हलवलेल्या माणसाची जमीन सरकारने 'घेतलेली' नसते, म्हणून हे हक्क त्याला आपोआप मिळत नाहीत. मात्र याच कायद्याने नैसर्गिक आपत्तीच्या भागात राहणाऱ्यांच्या निवाऱ्यासाठी जमीन संपादन करणं हा 'सार्वजनिक हेतू' मानला आहे. म्हणजे वरची जमीन मिळवण्याचा रस्ता उघडा आहे; खालच्या माणसाचे हक्क सरकारने योजनेत स्वतःहून लिहावे लागतात. पैशाच्या बाबतीत पंधराव्या वित्त आयोगाने एक पाऊल टाकलं. २०२१ ते २०२६ या काळासाठी त्याने धुपीमुळे घरदार गेलेल्यांच्या पुनर्वसनाला १,००० कोटी रुपये वेगळे काढायची शिफारस केली. देशाच्या मानाने रक्कम लहानच. पण घर वाहून गेल्यावर ताडपत्री आणि तांदूळ देण्यापलीकडे, माणसाला दुसरीकडे वसवण्यासाठी स्वतंत्र पैसा ठेवला गेला, हे महत्त्वाचं.

कुर्डीची आठवण

गोव्यात 'पुनर्वसन' म्हटलं की कुणीतरी कुर्डीचं नाव काढतंच. ते पुराचं उदाहरण नाही, धरणाचं आहे. पण लोकांच्या मनात हा शब्द तिथेच घडला, म्हणून तिथे थांबायला हवं.

सांगे तालुक्यातलं कुर्डी हे सुपीक गाव. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर याच गावच्या. साळावली धरणासाठी हे गाव द्यावं लागेल, त्यात साऱ्या दक्षिण गोव्याचं हित आहे, हे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांनी स्वतः जाऊन लोकांना सांगितलं. लोकांनी ऐकलं. साडेचारशे वर्षं परकी सत्ता भोगून नुकत्याच मोकळ्या झालेल्या प्रदेशात आपल्या माणसाने मागितलं आणि दिलं, अशी ती भावना होती. सहाशेच्या आसपास कुटुंबं उठली, वाडे आणि वालकिणी या नव्या वसाहतींत गेली. १९८६ च्या सुमारास गाव पाण्याखाली गेलं. कदंबकालीन महादेवाचं मंदिर पुरातत्त्व खात्याने दगड न् दगड उतरवून धरणाजवळ पुन्हा उभं केलं. देवळाची हलवाहलव इतकी निगुतीने झाली की ती बघायला आजही लोक जातात.

माणसांचं तितकं निगुतीने झालं नाही. मावशीची एक नणंद वाडे-कुर्डीला दिलेली. ज्या धरणाने मडगाव-वास्कोपर्यंत नळाला पाणी नेलं, त्या धरणासाठी उठलेल्या वस्तीत मे महिन्यात विहिरी आटायच्या आणि टँकरची वाट बघावी लागायची. जमिनीच्या कागदांची रडगाणी तर पुढच्या पिढीकडेही गेली. आजही मे महिन्यात पाणी ओसरतं, जुन्या घरांची जोती उघडी पडतात आणि लोक सोमेश्वराच्या उत्सवाला, कपेलाच्या (छोट्या चर्चच्या) फेस्ताला तिथे जमतात. कुणाचं घर कुठे होतं हे नातवंडांना दाखवतात. पर्यटक फोटो काढतात. मला ते फोटो बघवत नाहीत, पण तो माझा दोष असेल.

स्थलांतराचा विषय निघाला की मावशीला आधी ही नणंद आठवते. तिचा विरोध अडाणीपणाचा आहे असं म्हणणाऱ्याने वाडे-कुर्डीला एक मे महिना काढून यावं.

प्लॉट मिळाला, माणसं परतली

दुसरं उदाहरण कोल्हापूरचं. पंचगंगेच्या संगमावर प्रयाग चिखली हे गाव. १९८९ च्या पुरानंतर चिखली आणि शेजारच्या आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीला उंचावर जागा दिल्या गेल्या. आज तीन दशकं उलटून गेली, तरी पुष्कळ कुटुंबं जुन्या गावातच राहतात. २०१९ ला आणि २०२१ ला पुन्हा महापूर आला, पुन्हा माणसं आणि जनावरं बाहेर काढावी लागली. बाहेरच्याला वाटतं, फुकट जागा मिळूनही जात नाहीत म्हणजे हट्टी असणार. पण ऊस खाली, म्हैस खाली, पहाटे धार काढायची ती खाली. पूर काही वर्षांतून आठ दिवस, दूध रोज दोन वेळा.

केरळमध्ये हीच गोष्ट समुद्राच्या बाबतीत दिसते. तिथल्या सरकारने 'पुनर्गेहम' योजनेत भरतीरेषेपासून ५० मीटरच्या आत राहणाऱ्या १८,६८५ कुटुंबांना जागा आणि घर मिळून १० लाख रुपये देऊ केले. रक्कम रोख हातात, जागा आपली आपण शोधायची, हे चांगलं. पण किनाऱ्यालगतच्या जमिनीचे भाव बघता त्या पैशात जागा मिळते ती आतल्या बाजूला, आणि मासेमाराला समुद्र डोळ्यांसमोर लागतो. पहाटे पाणी कसं आहे हे उंबऱ्यातून बघून होडी काढायची की नाही ते ठरतं. गोव्यात हा प्रश्न भावांमुळे आणखी तिखट होतो. मुंबई-दिल्लीच्या पैशाने इथल्या मोरडीचे दर कुठे नेऊन ठेवले आहेत ते सांगायला नको. 'पैसे घ्या आणि जागा शोधा' ही योजना इथे कागदावरच राहील.

तेव्हा अंतर हा पहिला निकष. कुळागर पोफळीचं असो वा वायंगण भाताचं, तिथे चालत जाता आलं पाहिजे. त्याच गावात, त्याच पंचायतीत, शक्यतो त्याच वाड्याच्या वर.

जिथे जमलं

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये ग्रॅन्थम नावाचं छोटं गाव आहे. १० जानेवारी २०११ ला तिथे पाण्याची भिंत आली, गावातली १२ माणसं गेली. स्थानिक परिषदेने शेजारच्या उंच माळावर ९३५ एकर जमीन घेतली आणि लोकांपुढे अदलाबदल ठेवली. खालचा प्लॉट द्या, वरचा घ्या. सक्ती नाही, ज्याला खाली राहायचं त्याने राहावं. कुणाला कुठला प्लॉट, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. वर्षभराच्या आत पहिली कुटुंबं वर राहायला गेली. इतक्या झटपट का जमलं? कारण घर कसं असावं हे परिषदेने ठरवलं नाही. तिने जमीन, रस्ता आणि पाणी दिलं, बाकीचं लोकांवर सोडलं. आणि दुःख ताजं असतानाच लोकांसमोर नकाशा आला. सहा महिने गेले असते तर अर्ध्या लोकांनी खालचीच घरं दुरुस्त केली असती. दुरुस्तीवर दोन लाख घातलेला माणूस परत हलत नाही, हे आपल्याकडेही दिसतं.

अमेरिकेतलं व्हॅल्मायर गाव १९९३ च्या मिसिसिपीच्या पुरानंतर तीनेक किलोमीटरवरच्या कड्यावर गेलं. सुमारे ९०० वस्तीचं गाव. त्यांनी गावकऱ्यांच्या समित्या केल्या, शाळा कुठे, चर्च कुठे, रस्ते कसे, सगळं समित्यांत ठरलं. सगळे गेले नाहीत. जे गेले त्यांनी आपण ठरवलेल्या गावात पाऊल टाकलं.

नेदरलँड्समधली गोष्ट मला सर्वांत आवडते, कारण ती खाजनवाल्यांना लगेच कळेल. सरकारला नदीसाठी जागा मोकळी करायची होती आणि ओव्हरडीप्से पोल्डर हा शेतीचा सखल भाग त्यात जाणार होता. तिथल्या शेतकऱ्यांनी विरोधाचा मोर्चा काढण्याऐवजी स्वतःचीच योजना पुढे केली. बांध कमी उंचीचा करा, मोठ्या पुरात पाणी आत येऊ द्या. आमची घरं आणि गोठे मात्र बांधाला लागून उंच टेकाडांवर बांधून द्या. काही कुटुंबं पैसे घेऊन गेली, उरलेली टेकाडांवर राहिली. पाणी आलं तर शेतात, माणसं आणि गुरं वर. शेतीही राहिली, नदीही राहिली.

ग्रामसभेत खरंच काय ठरायला हवं

लोकसहभाग हा शब्द आपल्याकडे गुळगुळीत झाला आहे. रविवारी सकाळी ग्रामसभा, सचिवांनी वाचलेला ठराव, 'हरकत नाही ना?' आणि चहा. याला माहिती देणं म्हणतात. सहभाग म्हणजे लोकांच्या हातात 'नाही' म्हणायचा अधिकार आणि 'असं करा' म्हणायची जागा.

सुरुवात नकाशापासून करता येईल. सरकारी पूररेषा उपग्रहाच्या आणि मोजमापांच्या आधारे निघते. वाड्यावरच्या बायकांना त्याहून बारीक माहीत असतं. पाणी आधी कुणाच्या न्हाणीतून वर येतं, कुठली गडग्याची वाट बंद होते, कोणत्या घरातल्या म्हाताऱ्याला उचलून न्यावं लागतं. दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवले तर खरी यादी तयार होते. यासाठी सभागृहातल्या खुर्च्यांपेक्षा एक तासभर वाड्यातून चालणं उपयोगी.

मग येतो कुणाला मोजायचं हा प्रश्न. ग्रामसभेत मतदार बसतात. सगळ्यांत खालच्या, सगळ्यांत स्वस्त खोल्यांत भाडेकरू राहतात. कर्नाटकातून, झारखंडमधून आलेली कामगार कुटुंबं. पाणी पहिल्यांदा त्यांच्या चुलीवर येतं. यादीत घरमालकाचं नाव लागतं, खोलीतल्या माणसाचं नाही. मालक वर गेला तर तो खालच्या खोल्या पुन्हा भाड्याने देईल, म्हणजे धोका तिथेच, फक्त माणूस बदलला. यावर ग्रामसभेत बोलणं कुणालाच आवडत नाही, म्हणून इथे लिहितो.

तिसरी गोष्ट म्हणजे वाडा फुटू न देणं. दहा घरांपैकी सहा गेली आणि चार राहिली, तर त्या चारांसाठी वीजखांब कोण सांभाळणार, पदेर पाव घेऊन तिथवर येणार का? निर्णय घरटी घेतला तरी वेळापत्रक एकत्र हवं. आणि देव. साळच्या गड्यांचा उत्सव माहीत असलेल्याला हे समजावून सांगायला नको की गोव्यात माणूस नुसत्या घरात राहत नाही. तो मांडावर, तुळशीपाशी, राखणदाराच्या हद्दीत राहतो. खालची देवळं, घुमट्या, क्रूस तिथेच ठेवायचे की वर न्यायचे, वाट कोण सांभाळणार, हे पहिल्या बैठकीत बोलायचे विषय. अधिकाऱ्यांना ते 'भावनिक मुद्दे' वाटतात. लोक हलतात की नाही ते बहुधा इथेच ठरतं.

आणि शेवटी रिकामी झालेली जमीन. यावर मी जरा संशयी आहे, गोव्यात राहतो म्हणून. पुरामुळे मुंडकार वर गेला आणि पाच वर्षांनी त्याच जागी भराव घालून 'नदीचं दृश्य' दाखवणारा बंगला उभा राहिला, तर ते स्थलांतर कुणासाठी झालं? नगर नियोजन कायद्याच्या १७(२) आणि ३९अ कलमांवरून जमिनींचे झोन बदलण्याचा केवढा वाद गेल्या काही वर्षांत झाला, तो सगळ्यांनी पाहिला आहे. म्हणून जुनी जागा कायमची नदीची, असं योजनेतच लिहून ठेवायला हवं. तिथे कुळागर चालेल, भाजीचा मळा चालेल, मुलांना फुटबॉलचं मैदान चालेल. छप्पर चालणार नाही. भाटकाराला त्याचा मोबदला मिळावा, पण तो एकदाच.

वरच्या जागेचंही तपासून घ्यावं लागतं. मोरड म्हणजे सुरक्षित, हे अर्धंच खरं. उतार सरळ कापून प्लॉट पाडले तर पुरातून सुटून दरडीखाली सापडायचं. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडमधल्या इर्शाळवाडीत काय झालं ते विसरण्याइतकं जुनं नाही. डोंगर कापायला आणि सखल जमीन भरायला परवानगी लागते असं त्याच नगर नियोजन कायद्याचं १७अ कलम गोव्यात आहेच. ते सरकारी पुनर्वसन वसाहतीलाही तितक्याच कडकपणे लावावं.

गेल्या मे महिन्यात मावशीला घेऊन मी वाड्याच्या वरच्या मोरडीवर गेलो. काजूची झाडं, कातळ, मधेमधे सपाट जागा. तिने चप्पल काढून जमीन पायाने चाचपली. खाली उतरून पोफळीपर्यंत किती वेळ लागेल याचा अंदाज घेतला आणि 'जमात' म्हणाली, म्हणजे जमेल. शेजारणीचं घर कुठे, देवाची दिंडी कुठून वळेल, हेही तिने मनात मांडून पाहिलं. मला वाटलं, झालं.

मग ती थांबली, चारी बाजूंना बघितलं आणि विचारलं, "हांगा उदक खंयचें?"

वर विहीर नव्हती.